पेडलची पिशवी

आमच्या घरात सायकलचा पॉवर मीटर आला तो माझ्या बायकोच्या हट्टामुळे, असं सगळे म्हणतात. खरं तर तो माझ्या डोकेफोडीमुळे आला. पण आमच्याकडे श्रेय मागायला गेलं की पदरात आणखी एखादं काम पडतं, म्हणून मी मागत नाही.

मी जयेश. कोपरीत राहतो आणि बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये लिफ्टचं मेंटेनन्स बघतो. बायको वर्षाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. धाकटा भाऊ कमलेश लग्नानंतर डोंबिवलीला राहायला गेला. त्याची बायको हेमाली तिथल्याच एका कंपनीत अकाउंट्स बघते. या दोन्ही जावांना सायकलचं वेड आहे. भाजी आणायची सायकल नव्हे; खाली वाकलेलं हँडल, हातभर लांबीचे बूट-मोजे आणि पहाटे उठून येऊरचा चढ, त्यातली. नवरे झोपलेले असतात तेव्हा या घाम गाळून परत येतात आणि वर आम्हालाच आळशी म्हणतात.

दोघी कल्याणच्या चित्रा मॅडमच्या ग्रुपमध्ये होत्या. चित्रा मॅडम म्हणजे एके काळच्या राष्ट्रीय पातळीच्या सायकलपटू. बोलणं कमी आणि शिस्त कडक. जानेवारीत नाशिकजवळ बायकांच्या संघांची शर्यत होती. चौघींनी एकामागे एक सायकली लावून सपाट रस्त्यावर घड्याळाशी लढायचं. तिघी ठरलेल्या होत्या. एक जागा रिकामी होती आणि त्या जागेवर आमच्या घरातल्या दोघींचा डोळा होता.

वर्षालीला ती जागा किती हवी होती ते मला माहीत होतं. शाळेत ती कबड्डी खेळायची. दहावीत जिल्ह्याच्या टीममध्ये नाव आलं आणि घरच्यांनी पाठवलं नाही. त्यानंतर शिक्षण, नोकरी, लग्न, मुलगी. चाळिशी समोर दिसायला लागली तरी पाठीवर स्वतःचं नाव छापलेला टीमचा शर्ट तिने कधी घातला नव्हता. ग्रुपच्या जर्सीचं डिझाइन आलं तेव्हा तिने फोनवर ते मोठं करून पाठीकडची बाजू बघितली. मला म्हणाली, “वर्षाली एवढंच टाकतील की आडनाव पण?” मी म्हटलं, “आधी निवड तर होऊ दे.” त्यावर मला दोन दिवस बिनफोडणीची आमटी मिळाली.

निवड कशी करायची, तर वॉटवर. वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची आणि पायांनी सरासरी किती वॉट जोर लावला ते बघायचं. हे मी आईला समजावत होतो. आमची आई मनुबाई. कोपरीच्या बाजारात तिने सगळं आयुष्य मासळी विकली; तिला ताजं काय आणि शिळं काय हे सांगावं लागत नाही, पण वॉट सांगावे लागले.

“कनाला येवढं?” ती म्हणाली. “दोगी येका टायमाला सुटा. पुढं येल ती जिकली.”

“आये, वारा असतो, ट्रॅफिक असतो, खड्डे असतात. एकीला सिग्नल लागला की संपलं. वॉट कसे, कुठेही मोजा, जोर तेवढाच.”

“मंग वजनकाटाच की तो,” आई म्हणाली आणि तिच्या बाजूने विषय मिटला.

तर हा काटा घ्यायचा होता. दोन घरांत मिळून एक, कारण त्याच्या किमतीत चांगली सेकंड हँड स्कूटर येते. आणि कोणता घ्यायचा हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात पाना हातात धरणारा मी एकटा.

पॉवर मीटर सायकलला चार ठिकाणी बसतो. मी चारही ठिकाणं पालथी घातली.

सगळ्यात स्वस्त म्हणजे डाव्या क्रँकमधला. क्रँक म्हणजे पेडलला धरून फिरवणारा दांडा. हा मीटर फक्त डाव्या पायाचा जोर मोजतो, त्याची दुप्पट करतो आणि उजव्याचं भलं चिंततो. तेही चाललं असतं. पण वर्षाली उंच, तिच्या सायकलचा क्रँक एकशे साडेबहात्तर मिलिमीटरचा. हेमाली जेमतेम पाच फूट, तिचा एकशे पासष्टचा. एकीचा दांडा दुसरीच्या सायकलला लावला तर डावा पाय लांब आणि उजवा आखूड. सायकल लंगडीच झाली असती.

दुसरा मागच्या चाकाच्या मधोमध बसतो. म्हणजे अख्खं चाक ठाण्याहून डोंबिवलीला न्यायचं आणि परत आणायचं. नेणार कोण, तर आई. आठवड्यातून दोनदा ती हेमालीच्या लहान पोराला सांभाळायला डोंबिवलीला जाते. “चाक डोक्यावर घेऊन जाऊ का?” एवढं तिने विचारलं आणि मी तो पर्याय खोडला.

तिसरा पुढच्या दातेरी चक्राच्या आत बसतो. अचूक, मजबूत आणि काढायला-घालायला अर्धी सायकल खोलावी लागते. दर आठवड्याला ते करायचं म्हणजे मी लिफ्ट सोडून सायकलचं दुकान टाकावं.

राहिला चौथा. पेडलमधला. दोन्ही पेडलमध्ये मीटर, दोन्ही पायांचा जोर वेगळा. एक अ‍ॅलन की घ्यायची, काढायचे, दुसऱ्या सायकलला लावायचे. मुठीत मावतात. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो एवढं लक्षात ठेवलं की झालं.

“फक्त एक,” ठाण्याचा दुकानदार म्हणाला. “सायकल बदलली की अ‍ॅपमध्ये क्रँकची लांबी बदलायची. पेडलला पायाचा जोर कळतो, दांडा केवढा ते कळत नाही. ते आपण सांगायचं. परत बदलेपर्यंत पेडलमध्ये तेच राहतं. जास्त सांगितलं तर आकडा जास्त दाखवणार, कमी सांगितलं तर कमी.”

मला ते लगेच पटलं. नट तोच, हात तोच, पण पाना लांब असला की जोर जास्त पडतो. पेडलला पाना केवढा ते खोटं सांगितलं तर त्याचा हिशोबही खोटाच येणार.

घरी आल्यावर आम्ही नियम केला. नियम नवा नव्हता, बाबाचाच होता. बाबाची, म्हणजे कान्हा कोळ्याची, खाडीत एक छोटी होडी होती. काकाबरोबर सामाईक. एक दिवस बाबा न्यायचा, एक दिवस काका. जो होडी किनाऱ्याला आणेल त्याने ती धुवायची, जाळं झटकून दुमडायचं, दोर गुंडाळून ठेवायचा. पुढच्याने येऊन फक्त ढकलायची. तपासायची नाही. तपासणं म्हणजे भावावर भरवसा नसणं. एकदा काकाने दोर ताणून बघितला तर बाबा चार दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. खाडीत मासळी राहिली नाही, होडी गेली, काकाही गेला, पण आमच्या घरात अजून स्कूटरची चावी दुसऱ्याला देताना पेट्रोल भरून देतात.

तसंच पेडलचं ठरलं. जी पाठवेल तिने पुढचीसाठी तयार करून पाठवायचं. पुसून, चार्ज करून, अ‍ॅपमध्ये पुढचीच्या क्रँकची लांबी टाकून. पुढचीने लावायचे आणि निघायचं. ठाण्याच्या बाजूचं चार्जिंग माझ्याकडे होतं आणि ते कधी चुकलं नाही. लिफ्टवाल्याच्या घरात बॅटरी उतरली तर तोंड कुठे लपवायचं?

पेडल एका प्लास्टिकच्या डब्यात, डबा आईच्या नायलॉनच्या पिशवीत. पिशवी दाराजवळच्या खुंटीला. आई डोंबिवलीला निघाली की खुंटीवरून उचलायची. तीच पिशवी ती सुके बोंबील न्यायला वापरायची, त्यामुळे पेडलना वास लागला. चित्रा मॅडमनी एकदा हेमालीची सायकल हातात घेतली आणि विचारलं, “ही चेनला काय लावतेस तू?” हेमालीने नवीन तेल आहे म्हणून सांगितलं.

बरेच महिने हे बिनबोभाट चाललं. मग टेस्टची वेळ आली.

मॅडमचा ग्रुपवर मेसेज होता, तोही कोरडा. सायकल चालवायच्या आधी मीटर झिरो करायचा. सेटिंग बघायची. चुकीच्या सेटिंगवर केलेली टेस्ट बाद. नंतर गुणाकार-भागाकार करून मला आकडे पाठवायचे नाहीत. दुसरा चान्स नाही. रस्ता सपाट आहे, त्यामुळे वजन बघणार नाही, फक्त वॉट.

वर्षालीची टेस्ट आधी, येऊरच्या चढावर. हेमालीची त्यानंतरच्या रविवारी. तिचं माहेर खडवलीचं, तिकडचा मोकळा रस्ता तिच्या पायाखालचा.

वर्षाली रविवारी पहाटे गेली. मी स्कूटरवरून मागे होतो. तिने क्रँक सरळ उभा केला, हँडलवरच्या कॉम्प्युटरवर झिरो केलं आणि सुटली. असं चढताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. वरच्या वळणावर तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. आकडा आला एकशे शहाण्णव. ती म्हणाली, “कमी वाटतोय. पाय दोनशेच्या वर असल्यासारखे वाटत होते.” मी म्हटलं, पायांना काय कळतंय. तेवढ्यात लॅबमधून फोन आला, कोणीतरी रजेवर होतं, लगेच ये. घरी येऊन ती अंघोळ करून पळाली. पेडल मी काढले, पुसले, चार्ज केले आणि पिशवीत टाकले.

पुढच्या रविवारी हेमालीचा आकडा आला. एकशे नव्व्याण्णव.

वर्षालीने तिला फोन करून अभिनंदन केलं. अगदी छान बोलली. मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासली. मी समजूत काढायला गेलो तर म्हणाली, “तीन वॉट. तीन वॉट म्हणजे किती असतात हो? डास मारायला पण पुरत नसतील.” मला वाईट वाटत होतं. हेमालीचा आनंद व्हायला हवा होता, ती पण घरातलीच. पण खरं सांगायचं तर झाला नाही.

दोन-तीन दिवसांनी वर्षाली भात वाढता वाढता थांबली. हातात डाव तसाच.

“अहो, त्या रविवारी पिशवी पाठवताना मी लांबी बदललेली का?”

“मला काय माहीत? अ‍ॅप तुझ्या फोनवर.”

“मी बदललीच नाही. मी लॅबला पळालेले. तुम्ही पिशवीत टाकले आणि आईंनी तशीच नेली.” तिने डाव ठेवला. “म्हणजे हेमाली माझ्या लांबीवर चालवत होती. एकशे साडेबहात्तरवर! तिचा क्रँक एकशे पासष्टचा. आकडा वाढवूनच दाखवणार ना?”

तिने तिथेच फोनवर हिशोब केला. हेमालीचे खरे वॉट निघाले एकशे नव्वद. मला म्हणाली, “चूक माझीच, मी बदललं नाही. पण मॅडमनी सांगितलेलं ना सेटिंग बघा म्हणून. तिने बघितलं नाही.” आणि लगेच मॅडमना फोन लावला. मी म्हटलं, आधी हेमालीशी बोल. पण माझं ऐकायला लिफ्टसुद्धा थांबत नाही, तर ही कुठली थांबते.

मॅडम म्हणाल्या, “तसं असेल तर हेमालीची टेस्ट बाद, जागा तुझी. दोघी बोला आणि रविवारी संध्याकाळपर्यंत मला काय ते सांगा. मला नावं पाठवायची आहेत.”

रविवारी आम्ही स्कूटरवरून डोंबिवलीला निघालो. वर्षाली मागे बसून माझ्या कानात मुद्दे मांडत होती. मुंब्र्याच्या पुढे गेल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. वर्षालीच्या टेस्टच्या आदल्या बुधवारी मी कामावरून आलो तेव्हा पिशवी खुंटीला होती. गुरुवारी होती. शनिवारी चार्ज करायला मी ती खुंटीवरूनच काढली. म्हणजे त्या आठवड्यात ती डोंबिवलीला गेलीच नव्हती. यातून पुढे काय निघतं ते शिळफाट्याच्या सिग्नलला उभा असताना मला कळलं. मी काही बोललो नाही. बायकोच्या बाजूने गप्प बसण्याला आमच्यात लबाडी म्हणत नाहीत, संसार म्हणतात.

हेमालीच्या घरी आई जमिनीवर बसून कोळंबी सोलत होती. कमलेश ड्युटीवर, पोरगं झोपलेलं. वर्षालीने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

हेमाली शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “पण वैनी, एकशे पासष्टच होतं.”

“कसं असेल? मी बदललंच नाही म्हणतेय ना.”

“मी बघितलं.”

“बघितलं म्हणजे?”

हेमालीने आईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “मी नेहमी बघते. प्रत्येक वेळी. तुम्हाला राग येईल म्हणून कधी बोलले नाही. अकाउंट्सची सवय आहे हो, दुसऱ्याने केलेली बेरीज मी परत करते. लावायच्या आधी अ‍ॅप उघडते, लांबी बघते, मग निघते. त्या दिवशी पण बघितलं. एकशे पासष्ट होतं. मला वाटलं तुम्हीच केलंय.”

आईने कोळंबी खाली ठेवली. “तपासतंस?” ती म्हणाली. बाबा असता तर काय म्हणाला असता ते सगळं त्या एका शब्दात आलं.

“चुकलं, आई,” हेमाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पण मी खोटं नाही बोलत. वैनी, तुम्हाला जागा हवी तर घ्या. मला खोटी म्हणू नका.”

वर्षालीही आता चिडली होती. “अगं, मी केलं नाही, तू केलं नाहीस, मग एकशे पासष्ट आपोआप झालं का? पिशवीत बोंबलांनी केलं?”

मला वाटलं आता बोलावं. खरंच वाटलं. तोंड उघडेपर्यंत आईच बोलली. तिला या भांडणातलं काही कळलं नव्हतं, ती पिशवीवरून चिडली होती.

“पिशवी, पिशवी. ती पिशवी माज्या डोक्यावर बसलेय. त्याच्या आदल्या आटवड्याला बाळकुमला हळद होती, मी इकडं आलीच नाय, तर हिचा फोन, पिशवी कुटं हाय? म्हटलं, गो, खुंटीला हाय, तयार करून ठेवलेय तुज्या वैनीनी.”

वर्षाली काहीतरी बोलणार होती, ती थांबली.

मी तिच्याकडे बघत होतो म्हणून तिलाही कळल्याचं मला दिसलं. बुधवारी सराव करून आल्यावर तिने नेहमीसारखे पेडल पुसले, अ‍ॅप उघडलं, हेमालीसाठी एकशे पासष्ट टाकलं आणि पिशवी खुंटीला लावली. आई गेलीच नाही. रविवारी पहाटे तिने तीच पिशवी काढली आणि पेडल स्वतःच्या सायकलला लावले. पिशवीतून निघतं ते तयारच असतं, तपासायचं नसतं. येऊरचा अख्खा चढ ती हेमालीच्या लांबीवर चढली होती. हेमालीचा आकडा खरा होता. चुकीची टेस्ट तिची स्वतःची होती.

हे त्या खोलीत मला आणि तिला कळलं होतं. हेमाली डोळे पुसत होती. आईने परत कोळंबी हातात घेतली होती. वर्षालीने नुसतं म्हणायचं होतं, “जाऊ दे, मॅडमना काय ते सांगते,” आणि जर्सीवर तिचं नाव आलं असतं.

ती खुर्चीवर बसली. “हेमा, पाणी दे,” म्हणाली. पाणी प्यायली. मग सगळं सांगितलं, बुधवारपासून, एक एक करून. हेमाली अकाउंट्सवाली, तिने मान वर केली ती आकडा घेऊनच.

“म्हणजे वैनी, तुमचा मीटर कमी दाखवत होता! तुमचे खरे...” तिने फोन काढला, बोटं चालवली. “दोनशे पाच. वैनी, दोनशे पाच! तुम्ही माझ्या पुढे आहात.”

“गुणाकार-भागाकार पाठवायचे नाहीत,” वर्षाली म्हणाली.

तिने मॅडमना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. “मॅडम, हेमालीची सेटिंग बरोबर होती. चुकीची माझी होती. माझी टेस्ट बाद करा.”

मग मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. हेमालीला सांग, जर्सीचं माप पाठव.”

“मॅडम, एक मिनिट,” हेमाली मध्ये घुसली, “वैनींचे दोनशे पाच होतात, त्यांना परत एकदा...” पण फोन ठेवलेला होता. मग ती म्हणाली की मीही जात नाही, अशी जागा मला नको. वर्षालीने तिच्यावर असा आवाज चढवला की आतलं पोरगं जागं झालं.

“नाटकं करू नकोस. जागा तुझी आहे, मी दिलेली नाही. जाऊन माप दे. आणि एक्स्ट्रा स्मॉल सांग, नाहीतर पाठीवरचं नाव कमरेखाली यायचं.”

हेमाली रडता रडता हसली. मग आम्ही कोळंबीचं कालवण आणि भात जेवलो. वर्षालीने दोनदा भात घेतला. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला तिचा अभिमान वाटत होता, शिळफाट्याला गप्प बसल्याची लाजही वाटत होती.

परतीच्या वाटेवर मुंब्र्यापर्यंत ती मागे नुसती धरून बसली होती. मग माझ्या पाठीवर डोकं टेकवून म्हणाली, “मला राग येतोय.”

“कोणाचा?”

“तुमच्या बाबांचा. कसला नियम करून ठेवलाय माणसाने.”

मला हसू आलं, मग मागून हुंदका ऐकू आला. गाडी बाजूला घेऊ का विचारलं तर म्हणाली, “नको. चालवा.”

त्यानंतर नियमात एक कलम वाढलं. तयार करून पाठवायचं आणि घेणाऱ्याने तपासायचं. आईला ते अजून मान्य नाही.

जानेवारीत आम्ही सगळे नाशिकला गेलेलो. हेमालीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत हेमाली लिहिलेलं होतं. वर्षाली रस्त्याच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभी होती आणि टीम समोरून जाताना असं ओरडली की तिचा घसा पुढचा आठवडाभर बसला. टीम चौथी आली. पदक नाही, पण हेमाली शेवटपर्यंत तिघींच्या मागे चिकटून राहिली, सुटली नाही. मॅडम तिला “बरं झालं” म्हणाल्या. त्यांच्याकडून ते पदकच.

पुढच्या आठवड्यात आई डोंबिवलीहून पिशवी घेऊन परत आली. वर्षालीने अ‍ॅप उघडलं. नव्या कलमाप्रमाणे. एकशे साडेबहात्तर. हेमालीने बदलून पाठवलं होतं.

“उद्या येऊरला जाते,” ती म्हणाली. मी पेडल चार्जिंगला लावले आणि झोपायच्या आधी दोन्ही दिवे हिरवे झाल्याचं बघून घेतलं.

सकाळी मी स्कूटरवरून मागे होतो. वर आल्यावर ती सायकलवरून उतरली, कॉम्प्युटर बघितला आणि तो माझ्यापुढे धरला. दोनशे नऊ. मला टीममधल्या सगळ्यांचे आकडे पाठ होते. चौघींमधल्या तिघी त्याच्या खाली होत्या. मी काहीतरी बोललो असेन, मोठ्यानेच, कारण बाजूने चालणारे आजोबा थांबून बघायला लागले. वर्षाली कठड्यावर बसून पाणी पीत होती. तिचे गाल लाल झालेले आणि डोळे ओले. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांनी बघत होतो.

फोन वाजला. हेमाली. तिने स्पीकरवर घेतला.

“वैनी, आई म्हणाल्या तुम्ही येऊरला गेलात. टेस्ट केलीत? किती आले? खरं सांगा हं.”

वर्षालीने कॉम्प्युटरकडे बघितलं. तो आकडा अजून तिथेच होता. तिने बटण दाबून स्क्रीन बंद केली.

“अगं, कसलं काय. अर्ध्यातच बॅटरी उतरली.”

“बॅटरी?” हेमालीचा आवाज चढला. “दादांनी चार्ज नव्हतं केलं? दादा, तुम्ही असं कसं केलंत?”

वर्षाली माझ्याकडे बघत होती. दोन्ही हिरवे दिवे माझ्या डोळ्यांसमोर आले.

“विसरलो गं,” मी म्हणालो.